ओली दरज

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मागची खोली उघडली, तेव्हा जमीन ओली होती.

सगळी नाही. पश्चिमेच्या भिंतीच्या पायथ्याशी हातभर रुंदीचा पट्टा तेवढा. भिंतीवर गुडघ्यापासून कमरेपर्यंत एक गोणपाट टांगलेलं होतं, वरून दोन खिळ्यांना सुतळीनं बांधलेलं, आणि त्याच्या खालच्या कडेवरून अजून थेंब गळत होते. म्हणजे कुणीतरी थोड्या वेळापूर्वीच येऊन गेलं होतं. अण्णांना जाऊन तीन दिवस झाले होते, आणि त्या खोलीत नळ नव्हता.

ही खोली मूळची गोठा. कराडच्या बाहेर, वस्ती विरळ असताना अण्णांनी घर घेतलं, तेव्हा परसात हा विटांचा गोठा आयताच मिळाला. अण्णा आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या मुलांना शिकवायचे. त्यांनी गव्हाण काढून तिथे लाकडी बाक बसवलं, त्याला वस्तू पकडून ठेवायचा व्हाइस जोडला, भिंतीवर फळी मारून एकेका हत्याराची जागा पेन्सिलनं आखून ठेवली. पटाशी उचलली की फळीवर पटाशीचा आकार रिकामा दिसायचा. त्या सकाळी असा एक आकार रिकामा होता. तळाशी टोकदार, वर दोरीची रेघ. ओळंबा. भिंत सरळ आहे की नाही ते पाहायला गवंडी दोरीला लटकवून सोडतात तो. अण्णांनी स्वतः लेथवर पितळेचा केलेला.

मी गोणपाट वर करून पाहिलं. आतल्या विटांमधल्या फटी पांढऱ्या, मऊ कशानं तरी भरल्या होत्या. नख लावलं तर दबत होतं. गोणपाटाच्या दोन्ही बाजूंना तर फटी रिकाम्याच होत्या, पेन्सिल आत जाईल एवढ्या खोल. आणि कोपऱ्यात ढीग होता बोटभर लांबीच्या सिमेंटच्या पट्ट्यांचा. छिन्नीनं उचकटून काढलेल्या.

ते सिमेंट मी ओळखत होते. चौदा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात अण्णांनी या भिंतीच्या दरजा भरल्या, तेव्हा घमेलं धरून मी शेजारी उभी होते. दोन विटांमधल्या फटीला दरज म्हणतात हे मला तेव्हा कळलं. शेवटची दरज भरून झाल्यावर अण्णा मागे सरकून म्हणाले होते, "विनू, आता शंभर वर्षं इकडे बघायला नको." मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि शंभर वर्षं मला खरी वाटली होती.

तेच कुणीतरी उपटून काढलं होतं.

आई स्वयंपाकघरात पाटावर बसून होती. सुतकात चूल शेजारच्यांची. आईला करण्यासारखं काही नव्हतं, तरी ती तिथेच बसायची. मी विचारलं, मागे पाणी कसलं?

"नळ गळत असेल," आई म्हणाली.

"मागे नळ कुठाय?"

आईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, तू चहा घेतलास का. खोटं बोलणारा माणूस तपशील फार देतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं. आईनं एकही तपशील दिला नाही. तिला खोटं बोलायची सवयच नव्हती, म्हणून ते आणखी ठळक दिसलं.

भाऊकाका, अण्णांचे धाकटे भाऊ, क्रिया करायला येऊन राहिले होते. अण्णांना मुलगा नाही, मी एकटीच. काका विधींच्या बाबतीत कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, तेरा दिवस या घरात खिळासुद्धा ठोकायचा नाही. मला त्यांचा थोडा राग होता. अण्णांना नेताना मी त्यांचे हात हातात घेतले होते, तर नखांत पांढरं दिसलं. मला वाटलं, काकांनी भस्म लावायला लावलं. अण्णांनी जन्मात भस्म लावलं नव्हतं.

तरी मी काकांनाच मागे घेऊन गेले. विचारायला दुसरं कुणी नव्हतं. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत. बाहेरूनच मान पुढे काढून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "भिंत पोकळ केलीय की गं कुणीतरी."

"कुणी?"

"लालासो मिस्त्री. दुसरं कोण. दोन महिने झाले, दुपारचा येतोय. दोघं आत, दार ओढून. मागं आलो होतो तेव्हा मी दादाला विचारलं तर म्हणाला, शिकतोय. या वयात काय शिकतोस म्हटलं, तर हसला नुसता." मग त्यांनी आवाज खाली आणला. जुन्या विटांना हल्ली फार मागणी आहे म्हणे. बंगल्यांच्या बागांना, हॉटेलांना लावतात. भिंत एकदा खिळखिळी झाली की पाडायलाच लागते, आणि पाडणाऱ्याला विटा न्यायला मोकळीक. दारासमोरच्या कोपऱ्यात बघ, म्हणाले, खालच्या थरातल्या दोन विटा नाहीतच. मी वाकून पाहिलं. खरंच नव्हत्या.

काका लबाड नव्हते. त्यांना जे दिसलं त्यावरून त्यांनी जुळवलं. पण मी ते सगळं एका घासात गिळलं, हे मला मान्य केलं पाहिजे. अण्णा सोमवारी संध्याकाळी गेले. मी पुण्याहून पोचले तेव्हा रात्र झाली होती आणि ते कापसाच्या बोळ्यांसकट माझी वाट पाहत होते. त्यानंतर मला करायला काहीच उरलं नव्हतं. आता एक काम मिळालं. अण्णांची खोली राखायची.

त्या दिवशी संध्याकाळी मी जेवताना मोठ्यानं सांगितलं, मागच्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. एक वस्तू हलवायची नाही. आई ताटाकडे बघत होती. तिचा हात थांबला, एवढंच.

चौथ्या दिवशी मी उजाडायच्या आधी उठून मधल्या खोलीच्या खिडकीशी बसले. आई माझ्याही आधी उठली होती. तिनं न्हाणीतून बादली भरून आणली, दोन्ही हातांनी धरून, मध्ये एकदा टेकवून. मागच्या पायरीवर ठेवली. मग परसाच्या फाटकाची कडी काढली आणि आत येऊन पुन्हा पाटावर बसली. थोड्या वेळानं फाटकातून डोक्याला पंचा गुंडाळलेला एक माणूस आला. त्यानं घराकडे पाहिलं नाही. बादली उचलली आणि खोलीत गेला. आतून पाण्याचा आवाज यायला लागला. ओतल्याचा नाही, शिंपडल्याचा. जपून, थांबून थांबून.

मी तशीच अनवाणी गेले.

लालासो मिस्त्री साठीच्या पलीकडचे, बारीक, कानांवर पांढरे केस. लहानपणी मी त्यांना आमच्या गल्लीतली गटारं बांधताना पाहिलं होतं. उकिडवे बसून ते ओंजळीनं गोणपाटावर पाणी मारत होते. मला पाहून उठले.

मी विचारलं, इथे काय चाललंय.

"पाणी मारतोय ताई."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्यांची नजर माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली आणि लगेच खाली आली. "कुनी न्हाई. आपला मीच आलो."

हे मात्र धडधडीत खोटं होतं. आईनं कडी काढलेली मी पाहिली होती. म्हणजे दोघांचं ठरलेलं होतं, आणि दोघंही ते माझ्यापासून लपवत होते. मी म्हटलं, घरात सुतक आहे, तुम्हाला माहीत नाही का. ते म्हणाले, माहीत आहे, म्हणून तर हत्यार आणलं नाही, नुसतं पाणी. मी म्हटलं, भिंतीचं सिमेंट कुणी काढलं. त्यांनी बादली बाजूला सरकवली. त्या दोन विटा कुठे गेल्या, असं विचारल्यावर म्हणाले, कुटल्या. विटा कुटल्या, असं सरळ सांगणारा चोर मला भेटला नव्हता. पण माझा विचार तिथे थांबला नाही, कारण त्यांच्या कोपरीच्या खिशातून दोरी लोंबत होती.

"खिशात काय आहे?"

त्यांनी काढून दाखवला. पितळी ओळंबा. तळाला अण्णांनी पाडलेल्या तीन बारीक रेघा. त्यांच्या हातच्या प्रत्येक वस्तूवर असायच्या.

"हा अण्णांचा आहे," मी म्हटलं.

मिस्त्रींनी ओळंब्याला दोरी गुंडाळली. सावकाश, नीट. तो माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "घ्या. तुमच्याच घरचा हाय."

मी बाजूला झाले, त्यांना जायला. दारात ते थांबले. "ताई, माझं काय न्हाई. पन अजून आठ-धा दिस त्येला वाळू दिऊ नका. ऊन लई हाय."

"भिंत माझी आहे. मी बघेन."

ते गेल्यावर मी गोणपाट सोडलं, पिळलं आणि कुंपणावर वाळत घातलं. खोलीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या पुस्तकात ठेवली. तेरा दिवस वाचायला म्हणून आणलेलं ते पुस्तक शेवटपर्यंत पहिल्या प्रकरणाच्या पुढे गेलं नाही.

मार्चचे दिवस होते. खोलीवर पत्रा, आणि पश्चिमेची भिंत दुपारी दोनपासून सूर्य बुडेपर्यंत उन्हात. कुलपाला हात लावला तर चटका बसायचा. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटायचं. जमीन कोरडी होती. कुणी येत नव्हतं.

आई मात्र बदलली. ती रडत नव्हती. आधीही फार रडली नव्हती. आता ती परसात फेऱ्या मारायची. सातव्या दिवशी दुपारी मी झोपेतून उठले, तर ती मागच्या खोलीच्या खिडकीशी उभी होती, गजांतून हात आत घातलेला, हातात तांब्या. पाऊल वाजलं तशी तिनं हात बाहेर ओढला. गजावर तांब्या आपटला.

"काय करतेस आई?"

"तुळशीला पाणी घालत होते."

तुळस घराच्या पुढे आहे. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी हिशेब मांडत होते, आईनं त्या खोलीत काय लपवलं असेल. कागद? दागिना? अण्णांनी तिला सांगितलं आणि मला सांगितलं नाही असं काय असेल? ती माझ्या शेजारीच झोपली होती. दोघींनाही झोप नव्हती आणि दोघींनाही ते ठाऊक होतं. अशा वेळी एक शब्द निघाला असता, तिच्याकडून किंवा माझ्याकडून, तरी चाललं असतं. अजून सहा दिवस होते.

तेराव्याला आईनं एकच मागणी केली. लालासो मिस्त्रींना जेवायला बोलवा. भाऊकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बोलवा, मलाही त्यांना विचारायचंय. ते आले, धुतलेला सदरा घालून. पंगतीच्या टोकाला बसले, पानातलं सगळं जेवले, हात धुतले आणि ओट्यावर जाऊन उभे राहिले. पाहुणे पांगल्यावर आई माझ्यासमोर आली. तेरा दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"विनू, किल्ली दे."

मी पुस्तकातून किल्ली काढून दिली. ती पुढे, मागे मिस्त्री, त्यांच्या मागे मी. काका ओट्यावरच थांबले.

दार उघडल्यावर भट्टीसारखी वाफ आली. खिडकीखाली जमिनीवर पाण्याचे डाग वाळून उमटले होते, एकात एक अडकलेल्या अर्धगोलांसारखे. तांब्यानं जितकं लांब फेकता येईल तितके. भिंतीच्या अलीकडे वीतभर अंतरावर ते संपत होते. रोज तिथेच.

मिस्त्री भिंतीपाशी उकिडवे बसले. त्यांनी आधी वरच्या दरजेवर अंगठा घासला. डोक्याच्या उंचीच्या खाली, रिकाम्या फटींच्या वर, भरलेल्या दरजांचे सहा-सात थर होते, ते मी इतक्या दिवसांत नीट पाहिलेच नव्हते. काहीच निघालं नाही. दगडासारखी घट्ट. मग त्यांनी बोट खाली आणलं, जिथे गोणपाट होतं तिथे, आणि आडवं फिरवलं. दरज पिठासारखी सुटली. त्यांनी दुसरा हात खाली धरला. पांढरी भुकटी ओंजळीत पडत राहिली. बोट थांबलं तरी थोडी पडतच होती.

"वरचं माझं हाय," ते म्हणाले. "म्हैनाभर झालं त्येला. ह्ये खालचं सरांचं."

मला समजलं नाही. मी विचारलं, अण्णांचं म्हणजे काय. अण्णांनी तर सिमेंट भरलं होतं.

ते भुकटी सांडू न देता बोलले. सिमेंट भरलं तेव्हा मी सरांना म्हणालो होतो, नका भरू. भट्टीची जुनी वीट मऊ असते, तिला कडक दरज चालत नाही. सर मला हसले. मी अंगठेबहाद्दर, त्यांच्याकडं पुस्तकं. ओल दरजेतून बाहेर पडायची वाट बंद झाली, ती विटेतून निघायला लागली, लोणा धरला, म्हणजे मिठाचा पांढरा थर आला, विटा खिरायला लागल्या. यंदा दिवाळीत सर स्वतः माझ्या घरी आले. म्हणाले, लालासो, माझं चुकलं, आता शिकव. "दरज कशी, इटंपेक्षा मऊ पायजे. झिजायचं तर तिनं झिजावं, पुन्हा भरता येती. इट गेली की गेली." सिमेंट सरांनीच काढलं, एकेक पट्टी, दोन महिने. त्या दोन विटा कुटून त्यांचीच सुरखी केली, चुन्यात घालायला. तोच चुना, तीच वीट, म्हणजे भिंत ओळखते.

"आणि त्या सोमवारी," आई म्हणाली. "त्या सोमवारी मिस्त्री आले नव्हते. अण्णा म्हणाले, आज मी एकटा भरतो, बघू जमतं का. चार वाजता आले. हात धुतले. नखांत चुना राहिला होता तसाच. म्हणाले, जमलं. लालासोला सांग, पंधरा दिवस पाणी मारायला विसरू नको. मग म्हणाले, चहा टाक." ती थांबली. "चहा मी टाकला होता."

मी भस्माचं काही बोलले नाही. ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"भाऊजी म्हणाले होते, खिळा ठोकायचा नाही. त्यांच्यापासून लपवायचं म्हणून लपवलं. मग तू म्हणालीस, कुणी पाऊल टाकायचं नाही." आईनं पदराला हात पुसले. ते कोरडेच होते. "मला वाटलं, तुलाही तसंच हवंय. तुझे वडील होते."

खोलीत फार उकडत होतं. मिस्त्रींनी ओंजळीतली भुकटी बाकावर एका कागदावर ओतली आणि म्हणाले, हे ठेवलं तर वरची वीट खाली खचेल, काढावंच लागेल. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, वाया नाही जात. चाळून नव्या चुन्यात घालतात, वाळूसारखी.

मी पुस्तकाच्या पिशवीतून ओळंबा आणला. आई म्हणाली, तो अण्णांनी त्यांना देऊन टाकला होता, शिकवणीची फी म्हणून. मी तो पुढे केला. मिस्त्रींनी घेतला, खिशात टाकला. मी माफी मागायला तोंड उघडलं होतं, ते म्हणाले, "उद्या सकाळच्याला या. जुनं कापड नेसून."

दुसऱ्या दिवशी आम्ही भरलं. म्हणजे अण्णांची दरज त्यांनी छिन्नीनं काढली, मी चाळली, त्यांनी मळली आणि थापी माझ्या हातात दिली. पहिला गोळा मी नुसता लावला. "लावू नका, दाबा," ते म्हणाले. "अजून. आत हवा राहिली की झालं." माझं मनगट दुखायला लागलं तेव्हा ते म्हणाले, सरांचंही दुखायचं. दिवसभरात मी चार थर भरले. ओबडधोबड. त्यांनी ओळंबा सोडून पाहिला, खरं तर दरजा भरताना त्याची काही गरज नसते, आणि म्हणाले, बरं हाय.

मी रजा वाढवून घेतली. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम मी माझ्याकडे घेतलं, सगळ्यांना सांगून. मिस्त्रींना म्हटलं, आता तुम्ही यायची गरज नाही. ते बरं म्हणाले.

पहिल्या सकाळी मी सहाला बादली घेऊन गेले, तर गोणपाटातून थेंब गळत होते. दुसऱ्या दिवशी साडेपाचला गेले. भिंत ओली. तिसऱ्या दिवशी पाचला. फाटकाची कडी निघालेली होती आणि जमिनीवर ताजा पट्टा.

माझ्यावर भरवसा नव्हता, एवढंच. मी तरी का ठेवला असता?

मी ओल्या भिंतीवर पुन्हा पाणी मारलं आणि स्वयंपाकघरात आले. आई चहा गाळत होती.

"मागे सगळं ओलं आहे," मी म्हटलं.

आईनं कप माझ्यापुढे सरकवला.

"नळ गळत असेल," ती म्हणाली.